संगणकाचा कारभारी बदलताना

(रहाटणी येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यातले काही जण हसतील. म्हणतील, "गुरुजी, आम्ही आत्ता कुठं बाराखडी संपवली. आम्हाला संगणकाचं काय सांगता?" पण मंडळी, संगणक आता आपल्या घरात येऊन बसला आहे. रहाटणीत जिथे शेते होती तिथे आज उंच इमारती आहेत. आपली मुले-सुना कुणी पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत जातात, कुणी हिंजवडीला जातात. त्यांनी घरी संगणक आणला. कुणी नवा आणला, कुणी जुना विकत घेतला. त्यात नातवाचा अभ्यास आहे. बचत गटाचा हिशेब आहे. भाडेकरूच्या करारनाम्याची प्रत आहे. लग्नाचे फोटो आहेत. म्हणजे घरची चीजवस्तूच त्यात आहे. ज्या पेटीत आपली चीजवस्तू, त्या पेटीची थोडी माहिती घरच्या मोठ्या माणसाला हवीच.

हल्ली या वर्गात एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. संगणकाच्या पडद्यावर एक पाटी येते. 'तुमची प्रणाली जुनी झाली, नवी घ्या', अशा अर्थाची. कुणी घाबरून 'हो' दाबतो. मग यंत्र तास-दोन तास गप्प बसते. उठते तेव्हा ओळखू येत नाही. प्रिंटर चालत नाही. मराठी अक्षरे पुसल्यासारखी होतात. घरात वादावादी होते. दुसरा कुणी पाटीकडे बघतच नाही. पण त्याच्याही मनात धास्ती असतेच. हे असे का होते आणि अशा वेळी आपण काय करावे, एवढेच आज बोलू.

आधी ही प्रणाली म्हणजे काय ते पाहू. संगणकाला पडदा असतो, कीबोर्ड असतो, आत हिशेब करणारा भाग असतो, माहिती साठवण्याची जागा असते. पण या वस्तू नुसत्या एकत्र ठेवल्या म्हणून काम होत नाही. मोठ्या वाड्यात माणसे पुष्कळ असतात. तरी कुणाला कोणते काम, कोठीची किल्ली कुणाकडे, पाहुणा आला तर त्याला कुठे बसवायचे, हे बघायला कारभारी लागतो. संगणकातल्या अशा कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. घरगुती संगणकांत सर्वांत जास्त दिसणारा कारभारी म्हणजे विंडोज. अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनी तो तयार करते. तुमच्या हातातल्या मोबाईलमध्येही असा कारभारी आहे. बहुतेकांच्या फोनात त्याचे नाव अँड्रॉइड.

आता हा कारभारी बदलायचा कशाला? आपल्या गावच्या जुन्या माणसांनी मोट पाहिली आहे. मोट गेली, तेलाचे इंजिन आले. इंजिन गेले, विजेची मोटार आली. विहीर तीच, पाणी तेच, पाणी काढायची रीत बदलली. दर वेळी सोय झाली आणि दर वेळी थोडी गैरसोयही झाली. नुसती मोटार आणून भागले नाही. पाइप बदलावे लागले, तार ओढावी लागली, मोटार जळली तर दुरुस्त करणारा शोधावा लागला. संगणकाचेही तसेच आहे. तुमचे हिशेब, कागद, फोटो हे विहिरीतले पाणी. रीत बदलली तरी पाणी आपले आपल्याकडे राहिले पाहिजे. हे एक वाक्य ध्यानात धरा. पुढे जे सांगणार आहोत तो सगळा याच वाक्याचा खुलासा आहे.

बदलण्याचे मुख्य कारण आहे चोर. ऑपरेटिंग सिस्टीम ही माणसांनीच लिहिलेली असते. फार मोठी असते. तिच्यात कुठे ना कुठे भोक राहते. जगातले काही हुशार चोर अशी भोके शोधत असतात. भोक सापडले की कंपनी त्यावर ठिगळ लावते आणि ते ठिगळ आपल्या संगणकाला पाठवते. याला अपडेट म्हणतात. पण कंपनी एकाच जुन्या मालाला जन्मभर ठिगळे लावीत नाही. एक तारीख ठरवते आणि त्या तारखेनंतर थांबते. विंडोज एक्सपीची ठिगळे ८ एप्रिल २०१४ ला थांबली. विंडोज सातची १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोज दहा २९ जुलै २०१५ ला आली होती, तिची १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणूनच अनेकांच्या पडद्यावर पाट्या आल्या.

इथे एक गैरसमज काढून टाका. त्या तारखेला संगणक बंद पडत नाही. कालच्यासारखाच चालतो. फक्त नवे भोक पडले तर ते बुजवायला कुणी येत नाही. छप्पर आहे, पण शाकारणी बंद झाली, असे समजा. पहिल्या पावसात घर पडणार नाही. पण दर पावसाळ्याला धोका वाढेल. म्हणून रात्री दहा वाजता घाबरून बटण दाबण्याचे कारण नाही, आणि वर्षानुवर्षे तसेच बसून राहणेही बरे नाही.

आता लोकांना त्रास कशाकशाचा होतो ते एकेक करून पाहू.

पहिला त्रास म्हणजे नवा कारभारी जुन्या वाड्यात यायला तयार होत नाही. विंडोज अकरा ५ ऑक्टोबर २०२१ ला आली. तिच्या अटी आहेत. कामाची आठवण, म्हणजे रॅम, निदान ४ जीबी पाहिजे. साठवणीची जागा निदान ६४ जीबी पाहिजे. शिवाय आत टीपीएम नावाची सोय पाहिजे. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरी. मुख्य चिपही ठरावीक यादीतलीच लागते. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेला, अजून धडधाकट चालणारा संगणकही नापास ठरतो. माणूस म्हणतो, "अहो, मशीन तर चांगलं चाललंय. मग बदलायचं का?" त्याचे म्हणणे खोटे नाही. चालता बैल विकायला लावण्यासारखे हे आहे. आमच्या मते गरीब घरावर हा अन्यायच आहे. मात्र कधी कधी तिजोरी आत असते, पण बंद असते. जाणकार माणूस ती सुरू करून देऊ शकतो. म्हणून 'नापास' ही पाटी दिसताच यंत्र भंगारात घालू नका. आधी दाखवून घ्या.

दुसरा त्रास वेळेचा आणि विजेचा. ही नवी प्रणाली पाच जीबीहून मोठी असते. आपण मोबाईलच्या इंटरनेटवर संगणक चालवतो. दिवसाला दीड-दोन जीबी मिळते. अर्ध्यातच ते संपते. शिवाय काम चालू असताना वीज गेली तर यंत्र अधांतरी राहते. धड जुने नाही, धड नवे नाही. आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार असतो. त्या दिवशी हे काम काढूच नये.

तिसरा त्रास प्रिंटरचा. प्रिंटर, स्कॅनर ही बाहेरची यंत्रे. त्यांची भाषा वेगळी. कारभारी आणि प्रिंटर यांच्यामध्ये एक दुभाषा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुना दुभाषा नव्या कारभाऱ्याची बोली जाणत नाही. मग प्रिंटर समोर असून यंत्र म्हणते, प्रिंटर नाही. प्रिंटर बिघडलेला नसतो. नवा दुभाषा आणून बसवला की पुष्कळदा चालू होतो. पण प्रिंटर फार जुना असेल तर त्याचा दुभाषा मिळतच नाही.

चौथा त्रास आपल्या मराठीचा. हा नीट समजून घेऊ, कारण अक्षरे शिकायला तुम्ही किती कष्ट घेतले ते आम्ही पाहिले आहे.

तुम्ही 'क' काढता तेव्हा पाटीवर 'क' उमटतो. संगणकाला असे अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यावा लागतो. सुरुवातीला हे आकडे इंग्रजी अक्षरांपुरतेच ठरले होते. मग मराठी कशी छापायची? आपल्या लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचे चित्र बसवले. जसा बहुरूपी. वरून राजाचा पोशाख, आत माणूस दुसराच. पुण्यात तयार झालेली श्रीलिपी आणि तशाच आणखी काही फाँटांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांनी आणि कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्या काळी तीच मोठी सोय होती.

अडचण पुढे आली. संगणक बदलला, कारभारी बदलला आणि तो फाँट नव्या ठिकाणी टाकायचा राहिला, की बहुरूप्याचा पोशाख उतरतो. मग मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. माणसाला वाटते, कागद गेला. कागद गेलेला नसतो. जुना फाँट परत टाकला की अक्षरे परत दिसतात.

यावर कायमचा उपाय जगभरच्या लोकांनी मिळून काढला. त्याचे नाव युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले. 'अ' चा आकडा २३०९. 'क' चा आकडा २३२५. हा 'क' रहाटणीत २३२५, दिल्लीत २३२५ आणि लंडनमध्येही २३२५. आता सोंग घ्यायला नको. २००० साली आलेल्या विंडोजमध्ये देवनागरीची सोय झाली. तिच्यातल्या 'मंगल' फाँटाची अक्षरे आपल्या मराठी माणसाने काढली. ते सुलेखनकार र. कृ. जोशी. मुंबईच्या आयआयटीत ते शिकवीत असत. तेव्हा घरचे जुने मराठी कागद असतील तर ते युनिकोडमध्ये बदलून घ्या. असे बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरात आणि रफारात चुका राहतात. पुढे कारभारी कितीदाही बदलला तरी अक्षर हलणार नाही.

पाचवा त्रास सवयीचा. फडताळातले डबे कुणी हलवले की स्वयंपाक करणाऱ्या बाईची किती चिडचिड होते! तिखट शोधता शोधता फोडणी करपते. विंडोज दहामध्ये कामाला सुरुवात करायचे बटण डाव्या कोपऱ्यात होते. अकरात ते खाली मधोमध आले. डबे हलले, सामान तेच आहे. आठ-पंधरा दिवस जातात, मग हात आपोआप तिकडे वळतो. या त्रासाला औषध एकच, धीर.

सहावा त्रास सर्वांत मोठा. तो म्हणजे माहिती जाणे. यावर आमच्या वर्गातल्या एका भगिनीच्या घरची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही.

या बाई एका महिला बचत गटाच्या सचिव आहेत. गटात बारा जणी. प्रत्येकी दरमहा दोनशे रुपये. म्हणजे महिन्याला दोन हजार चारशे. यातून अडलेल्या बाईला कर्ज देतात आणि हप्ते घेतात. बाईंच्या मुलाने तीन वर्षांचा हिशेब घरच्या संगणकात घातला. सगळ्यांना कौतुक वाटले. पुढे संगणक मंद झाला. पडद्यावर पाटीही येऊ लागली. मुलाने तो दुकानात नेला. दुकानदाराने विचारले, "सगळं नवीन टाकून देऊ ना?" मुलगा म्हणाला, "टाका." त्याला वाटले, नवीन म्हणजे चांगले. दुकानदाराच्या भाषेत त्याचा अर्थ होता, आतले सगळे पुसून नवी प्रणाली टाकणे. दुसऱ्या दिवशी यंत्र लखलखीत होऊन घरी आले. भराभर चालू लागले. पण हिशेब नव्हता. घरचे फोटोही नव्हते.

गटाची बैठक आठ दिवसांवर आली होती. दोघींची कर्जे चालू होती. एक म्हणत होती, "माझे सात हप्ते भरून झालेत." दुसऱ्या काही जणी म्हणत होत्या, "पाचच झालेत." दोन हप्त्यांचा प्रश्न, पण बोलणे वाढत चालले. पैशाचा संशय आला की सख्ख्या बहिणीही दूर होतात. बाईंना रात्रभर झोप नाही. कारण जबाबदारी त्यांची होती.

मग त्यांना वहीची आठवण झाली. या वर्गात लिहायला शिकल्यापासून हात बसावा म्हणून त्या दर महिन्याला बारा जणींची नावे आणि पुढे रक्कम लिहीत असत. वेलांट्या चुकलेल्या, ओळी तिरक्या. पण आकडे चोख. ती वही, बँकेचे पासबुक आणि बायांच्या हातातल्या पावत्या घेऊन त्या दोन संध्याकाळी बसल्या. वहीत दोन वर्षांचा हिशेब नावानिशी मिळाला. कर्जाचे सात हप्ते भरल्याचे निघाले. त्याआधीच्या एका वर्षाची मात्र पासबुकातली एकूण रक्कम तेवढी मिळाली. कुणी किती भरले ते सगळ्यांनी एकमेकींवर विश्वास ठेवून ठरवले. गट टिकला. पण सासऱ्यांचे शेवटच्या दिवाळीतले फोटो गेले ते गेलेच.

त्या बाई आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, मशीन विसरलं, पण वही विसरली नाही." आम्ही वहीला थोर आणि यंत्राला वाईट म्हणत नाही. वहीही भिजते, वाळवी खाते. खरा मुद्दा असा की हिशेब दोन ठिकाणी होता, म्हणून वाचला.

हे लहान घरातच होते असे नाही. मोठ्यांच्या घरीही हेच होते. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा संगणकाचा रोग जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांत दोन लाखांहून जास्त संगणक त्यात सापडले. इंग्लंडमधल्या दवाखान्यांना रोग्यांना परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते ते सापडले.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा रोग युक्रेन देशातून सुटला. तो थेट आपल्या रायगड जिल्ह्यात पोचला. उरणजवळ न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तिथला एक धक्का डेन्मार्कची मर्स्क ही कंपनी चालवत होती. तिचे संगणक बंद पडले आणि त्या धक्क्यावरचे काम थांबले. या रोगानेही तेच जुने भोक वापरले. शिवाय आत शिरल्यावर तो चोरलेले पासवर्ड वापरून ठिगळ लावलेल्या यंत्रांतही घुसला. म्हणजे नुसते ठिगळही पुरे पडले नाही. मर्स्कला जगभरातल्या आपल्या ४५ हजार संगणकांत आणि ४ हजार मोठ्या सर्व्हरांत सगळे नव्याने टाकावे लागले. ते काम त्यांनी दहा दिवसांत केले.

यातली एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सगळ्या संगणकांची ओळख आणि किल्ल्या ज्या यादीत होत्या, त्या यादीच्या प्रती कंपनीच्या अनेक यंत्रांत होत्या. पण ती यंत्रे एकमेकांना जोडलेली होती. रोगाने सगळ्या प्रती एकदम पुसल्या. एकच प्रत वाचली. ती आफ्रिकेतल्या घाना देशाच्या कचेरीत होती. का वाचली? तिथली वीज गेली होती! यंत्र बंद होते, म्हणून रोग तिथे पोचला नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला त्या एका प्रतीने तारले. यावरून आपण काय शिकायचे? प्रत असावी आणि ती यंत्रापासून सुटी असावी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नवे आले म्हणजे नेहमी चांगलेच होते असे नाही. १९ जुलै २०२४ ला संगणकांची राखण करणाऱ्या एका कंपनीचे अपडेट चुकले. सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. म्हणून आम्ही म्हणतो, जुन्याचा हट्ट नको आणि नव्याची घाईही नको.

आता करायचे काय ते सांगतो. या गोष्टी वहीत उतरवून घ्या.

पहिली गोष्ट. पाटी आली की आधी वाचा. विंडोज मराठीत पाहण्याची सोय आहे, ती घरच्या मुलांकडून करून घ्या. खाली 'हो', 'नाही', 'नंतर' अशी बटणे असतात. कळले नाही तर 'नंतर' दाबा. पूर्वी सावकार कागद पुढे करी आणि आपली माणसे न वाचता अंगठा उठवीत. न वाचता 'हो' दाबणे म्हणजे तोच अंगठा. अंगठा सोडण्यासाठीच तर आपण या वर्गात आलो.

दुसरी गोष्ट. आधी प्रत काढा, मग बाकीचे. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क घ्या. कागद, हिशेब, फोटो त्यात उतरवा. ती दुसऱ्या संगणकात लावून उघडून पाहा. उघडले तरच प्रत झाली असे समजा. मग ती काढून कपाटात ठेवा. हिशेबाची पाने छापूनही ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही.

तिसरी गोष्ट. आपले यंत्र पास की नापास ते बघा. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा प्रोग्रॅम ते फुकट सांगतो. नापास झाले तरी वाटा आहेत. विंडोज दहाला घरगुती लोकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळांची मुदतवाढ देऊ केली, पण तिच्यासाठी नाव नोंदवावे लागते. दुसरी वाट लिनक्स. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. तो फुकट मिळतो आणि जुन्या यंत्रावरही चालतो. आपल्या सरकारच्या सी-डॅक या संस्थेने त्याच्यावरूनच 'बॉस' नावाची प्रणाली केली. या संस्थेचे मुख्य ठाणे पुण्यात आहे. मात्र तुमचे नेहमीचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात का, ते आधी विचारा. यांतले काहीच जमले नाही, तर निदान त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका.

चौथी गोष्ट. वेळ निवडा. मुलाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, गटाच्या बैठकीच्या आदल्या रात्री नको. सुट्टीची सकाळ बरी. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच ठेवा. मध्येच बंद करू नका.

पाचवी गोष्ट. दुकानात द्यायचे तर सोबत चिठ्ठी द्या. चार ओळी पुरे. 'यातील माहिती पुसू नये. पुसावी लागली तर आधी आम्हाला विचारावे. काम झाल्यावर प्रिंटर आणि मराठी अक्षरे चालवून दाखवावीत. खर्च आधी सांगावा.' खाली सही आणि तारीख. त्याच चिठ्ठीची प्रत आपल्याजवळ ठेवा. तोंडी बोलणे विरून जाते, लिहिलेले राहते. आणि माहिती पुसली गेलीच, तर त्या यंत्रात नवे काही न घालता ते बंद करा व जाणकाराकडे न्या. कधी कधी काही परत मिळते.

सहावी गोष्ट. नवे आल्यावर पहिल्याच दिवशी सगळे तपासा. दहाची अकरा केली असेल तर साधारणपणे दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते. नंतर ती वाट बंद होते. म्हणून हिशेब उघडा, फोटो उघडा, एक मराठी पान छापून बघा.

सातवी गोष्ट चोरांची. पाटी आली की लोक घाबरतात, हे चोरांना माहीत आहे. म्हणून ते खोट्या पाट्या लावतात. 'तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा.' मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. कुणी आपणहून फोन करून 'आम्ही कंपनीतून बोलतो' म्हणाला, तर फोन ठेवून द्या. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलेला चालेल, पडद्याला चिकटवलेला चालणार नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर लगेच कळवा. जितके लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

मंडळी, संगणक जुना होईल, नवा येईल. आज अकरा आहे, पुढे आणखी काही येईल. दर वेळी थोडी कटकट होणारच. ती टळणार नाही. पण कटकट आणि नुकसान यांत फरक आहे. प्रिंटर दोन दिवस बंद राहिला तर ती कटकट. बारा बायांचा हिशेब गेला तर ते नुकसान. कटकट सोसावी, नुकसान होऊ देऊ नये. त्यासाठी इंजिनियर व्हावे लागत नाही. पाटी वाचता आली, चिठ्ठी लिहिता आली आणि प्रत जपता आली, म्हणजे पुष्कळ झाले. या तिन्ही गोष्टी आता तुम्हाला येतात.

उद्या वर्गाला येताना एक काम करून आणा. आपल्या घरच्या संगणकात काय काय ठेवले आहे, ते मुलांना विचारून वहीत लिहा. संगणक नसेल त्यांनी मोबाईलमधले लिहावे. एका ओळीत एक गोष्ट. पुढे लिहा, तिची दुसरी प्रत कुठे आहे. जिथे 'कुठेच नाही' असे लिहावे लागेल, तिथून कामाला लागू.